जाम झालेले सस्पेन्शन बुश काढणे

सस्पेन्शन बुश हा मोटारगाडीच्या सस्पेन्शनची भुजा आणि गाडीचा सांगाडा यांच्या जोडावर बसवलेला, रबर व धातू यांचा दंडगोलाकार सुटा भाग होय. चाकाला बसणारे धक्के व कंपने सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे आणि त्याच वेळी भुजेला वरखाली हलू देणे, अशी दोन कामे तो करतो. कालांतराने त्याचे रबर फाटते, आणि बुश बदलावा लागतो. परंतु पाणी, चिखल व क्षार यांच्या संपर्कात अनेक वर्षे राहिलेला बुश गंजामुळे बोल्टला किंवा भुजेला घट्ट धरून बसतो. गॅरेजच्या भाषेत तो ‘जाम’ होतो. असा बुश काढणे हे मोटारदुरुस्तीतील वेळखाऊ आणि जोखमीचे काम समजले जाते.

या कामात जुना बुश कसाही झाला तरी टाकूनच द्यायचा असतो. वाचवायची असते ती भुजा, बोल्ट ज्यात बसतो तो ब्रॅकेट आणि काम करणाऱ्याचे हात व डोळे. बुश काढण्याच्या नादात भुजा वाकली किंवा तिला चीर गेली, तर दोष ताबडतोब दिसत नाही. गाडी रस्त्यावर धावू लागल्यावर तो प्रकट होतो. त्यामुळे जोर किती लावला यापेक्षा तो नेमका कोणत्या धातूवर लावला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

रचना आणि कार्य

सर्वसाधारण बुश तीन थरांचा असतो. मध्यभागी जाड पोलादी नळी, तिच्याभोवती रबराचा थर आणि सर्वांत बाहेर पोलादाचे पातळ कवच. रबर दोन्ही धातूंना कारखान्यातच उष्णता व दाब देऊन कायमचे चिकटवलेले असते. भुजेच्या टोकाला गोल भोक असते, त्याला कार्यशाळेत ‘बोर’ म्हणतात. बुशचे कवच या बोरपेक्षा किंचित मोठे ठेवलेले असते व ते प्रेसने दाबून आत बसवतात. आतील नळीतून बोल्ट जातो, आणि बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटच्या दोन पाकळ्यांमध्ये चिमटल्यासारखी घट्ट धरली जाते. काही नळ्यांच्या कडांना त्यासाठी बारीक दातेही पाडलेले असतात.

‘बुश’ म्हटले की आत काहीतरी फिरत असेल, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या बुशमध्ये कोणताही धातू दुसऱ्या धातूवर घासत नाही. भुजा वरखाली होते तेव्हा कवच भुजेबरोबर हलते, नळी सांगाड्याबरोबर स्थिर राहते आणि मधले रबर पिळले जाते. म्हणूनच त्याला वंगण लागत नाही. जुन्या मोटारींत व अनेक अवजड वाहनांत ब्राँझचे बुश असत, त्यांना ग्रीस द्यावे लागे आणि पिन त्यांत खरोखर फिरत असे. तशा बुशच्या बाबतीत जाम होणे म्हणजे फिरणे थांबणे. रबरी बुशच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की तो आपल्या जागेतून निघत नाही. एरवी त्याचे काम सुरळीत चालू असू शकते, आणि बोल्ट खोलण्याची वेळ येईपर्यंत मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

भारतातील गॅरेजांत या भागाला ‘सायलेंट ब्लॉक’ असेही नाव रूढ आहे. अँबॅसिडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या मागील बाजूस पाटे असत. अलीकडच्या लहान मोटारींत पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आणि खाली एकच भुजा अशी रचना सामान्यतः आढळते. या भुजेला बोलीत ‘लोअर आर्म’ म्हणतात, आणि जाम बुशची बहुतेक प्रकरणे तिच्याशी संबंधित असतात.

जाम होण्याची कारणे

लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. गंजाच्या प्रकारानुसार हे प्रमाण सुमारे दोन ते सहा पट असते. बोल्ट आणि आतील नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. तीत पाणी शिरते आणि सहजासहजी वाळत नाही. तेथे तयार झालेला गंज फुगतो, पण त्याला पसरायला जागा नसते, म्हणून तो दोन्ही धातूंवर दाब देत त्यांना एकमेकांशी जखडून टाकतो. कवच व बोर यांच्या सांध्यातही हेच घडते. तेथे मुळातच दाबून केलेली बसवणी असल्यामुळे गंजाची भर पडली की पकड फारच वाढते.

भुजा अ‍ॅल्युमिनियमची आणि कवच पोलादाचे असेल, तर आणखी एक क्रिया सुरू होते. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले की त्यांची विद्युत्घटासारखी जोडी बनते आणि त्यातील अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. त्यातून पांढरट, चिवट थर साचतो. तो तांबड्या गंजाइतका नजरेत भरत नाही, परंतु पकड तितकीच घट्ट करतो.

क्षार ही प्रक्रिया वेगाने वाढवतात. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, ब्रिटन अशा थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, आणि तेथील गाड्यांत ही अडचण नित्याची असते. महाराष्ट्रात बर्फाचा प्रश्न नसला, तरी मुंबई, कोकण व गोवा येथील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे किनाऱ्यावरील गाड्यांचे बोल्ट देशावरील गाड्यांच्या मानाने लवकर गंजतात.

कुठे जाम झाला आहे याची परीक्षा

जोडावर जाम होण्याच्या जागा दोन आहेत. बोल्ट आतील नळीला धरतो किंवा कवच बोरला धरते. दोन्ही एकाच वेळी घडू शकते. उपाय वेगवेगळे असल्याने आधी जागा ओळखणे आवश्यक ठरते.

पहिल्या प्रकाराची खूण सोपी आहे. नट निघून येतो, मात्र बोल्टचे डोके पान्याने फिरवले असता ते थोडे फिरते आणि पाना सोडताच मागे येते. बोल्टबरोबर नळी फिरत असते व रबर स्प्रिंगप्रमाणे पिळून तिला परत आणत असते. ही खूण न ओळखता लांब दांड्याने जोर लावत राहिल्यास बोल्टचे डोके तुटते. काही गाड्यांत नट सांगाड्याच्या पोकळीत वेल्ड केलेला असतो. तो सुटून आत फिरू लागला तर काम कित्येक पटींनी वाढते, कारण नटापर्यंत पोहोचण्यासाठी पत्रा कापावा लागतो.

पूर्वतयारी

गाडी केवळ जॅकवर उभी ठेवून तिच्याखाली काम करणे प्राणघातक ठरू शकते. सपाट व टणक जमिनीवर जॅक स्टँड लावून आणि जमिनीवरील चाकांना अडथळे देऊनच काम सुरू करतात. मॅकफर्सन रचनेत स्प्रिंग स्ट्रटमध्येच अडकवलेली असल्याने खालची भुजा सोडली तरी ती उसळत नाही, फक्त अँटी-रोल बारचा ताण असू शकतो. याउलट दोन भुजांच्या रचनेत स्प्रिंग अनेकदा खालच्या भुजेवरच टेकलेली असते. तेथे बोल्ट काढण्यापूर्वी स्प्रिंग दाबून धरली नाही, तर ती प्रचंड वेगाने बाहेर फेकली जाते.

जुना बुश काढण्याआधी त्याची बसवण्याची दिशा रंगाने किंवा कानशीच्या हलक्या रेघेने भुजेवर नोंदवून ठेवतात. अनेक बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे तो एका दिशेला मऊ व दुसऱ्या दिशेला ताठ असतो. मागील सस्पेन्शनमधील काही बोल्टना चाकाचा कोन जुळवण्यासाठी विकेंद्री चकती असते, तिची जागाही खुणेने टिपतात.

बोल्ट सोडवणे

प्रथम गंज सोडवणारे पातळ तेल वापरतात. डब्ल्यूडी-४० हे या वर्गातील नाव सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९५३ मध्ये ते तयार झाले, ते मुळात धातूवरील ओलावा हटवून गंज रोखण्यासाठी. जाम बोल्टसाठी खास बनवलेली भेदक तेले अधिक उपयुक्त ठरतात. कोणतेही तेल असले तरी ते फटीत शिरायला वेळ लागतो. आदल्या दिवशी दोन-तीन वेळा फवारून रात्रभर तसेच ठेवणे आणि मधूनमधून बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे टोले देणे, हा चांगला मार्ग होय. टोल्यांच्या कंपनाने गंजाला बारीक चिरा पडतात व तेलाला वाट मिळते. तथापि नळीच्या संपूर्ण लांबीवर गंज भरला असेल, तर तेल मध्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते.

नट पूर्ण काढून बोल्टच्या उघड्या टोकावर घण मारण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि ती बहुधा नुकसानच करते. टोक फुलते, आटे बिघडतात आणि मग तो बोल्ट ब्रॅकेटच्या भोकातूनही जात नाही. नट दोन-तीन आट्यांवर परत लावून त्याच्यावर टोला देणे त्या मानाने सुरक्षित. नळी तापवणे हा पुढचा उपाय. त्यासाठी विद्युत्प्रवर्तनाने चालणारे उपकरण उघड्या ज्योतीपेक्षा बरे, कारण उष्णता हव्या त्या जागीच राहते.

हे सर्व निष्फळ ठरल्यास बोल्ट कापतात. नवशिक्यांना हा पराभव वाटतो, परंतु जाणकार कारागीर हा निर्णय लवकर घेतात. बुशच्या दोन्ही टोकांना, ब्रॅकेटची पाकळी व रबर यांच्यामधून करवतीचे पाते घालून बोल्ट व नळी एकत्र कापली की भुजा मोकळी होते. अशा बोल्टच्या डोक्यावर बहुधा ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. त्यातील पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की दर चौरस मिलिमीटरमागे किती न्यूटन ताण धातू तुटेपर्यंत सोसेल ते कळते. १०.९ चा अर्थ १००० न्यूटन. इतका कठीण धातू साध्या पात्याने कापत नाही, त्याला द्विधातू पाते लागते. नवा बोल्टही त्याच दर्जाचा असावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानातील दिसायला तसाच, पण आकडा नसलेला बोल्ट येथे चालत नाही.

कवच बोरमधून काढणे

प्रेस उपलब्ध असल्यास काम सोपे होते. लहान कार्यशाळांतही १० ते २० टनांचा हायड्रॉलिक प्रेस आढळतो. त्याची अट अशी की वरून दाब देणारी चकती कवचाच्या बाहेरील व्यासापेक्षा किंचित लहान असावी आणि खाली आधार देणारी नळी त्या व्यासापेक्षा मोठी असावी. दाब कवचाच्या कडेवरच पडला पाहिजे. तो आतील नळीवर दिला तर रबर फाटते, मधला भाग निघून येतो आणि कवच जागच्या जागी राहते. कवचाला एका बाजूने कॉलर असेल तर बुश त्याच बाजूने बाहेर पडतो. ही साधी गोष्ट पाहून न घेतल्यामुळे अनेक भुजा उलट्या दिशेने दाबून वाकवल्या गेल्या आहेत.

पत्र्याच्या दोन थरांतून घडवलेल्या भुजेत आणखी काळजी लागते. बोरच्या दोन कडांमधील जागा पोकळ असल्यास दाबाखाली त्या कडा एकमेकींकडे झुकतात. त्यांच्यामध्ये योग्य लांबीचा, अर्ध्यात कापलेला पाइप आधार म्हणून घातल्यास भुजा शाबूत राहते. जाम कवच सुटते तेव्हा मोठा आवाज होऊन ते एकदम सरकते. अशा वेळी तुकडे उडू शकतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि प्रेसच्या समोर थेट उभे राहू नये.

प्रेस नसेल तर आट्यांचा दांडा, दोन नट, जाड वॉशर आणि पाइपचा तुकडा यांचा खेचणारा पुलर करतात. नट आवळत गेले की दांडा चकतीला ओढतो व बुश पाइपमध्ये सरकतो. दांडा उच्च ताणाच्या पोलादाचा आणि आट्यांना ग्रीस लावलेले असावे लागते. साध्या लोखंडी दांड्याचे आटे जाम कवचापुढे टिकत नाहीत.

कवच याही उपायांनी हलले नाही, तर ते कापून काढतात, आणि घरी काम करणाऱ्यासाठी हीच सर्वांत भरवशाची रीत आहे. प्रथम रबरात ड्रिलने ओळीने भोके पाडून मधली नळी काढून टाकतात. मग हॅक्सॉचे पाते फ्रेममधून सोडवून बोरमधून ओवतात, पुन्हा फ्रेमला लावतात आणि कवचाला आतून लांबीच्या दिशेने खाच पाडतात. बोरभोवती कवचाची जी पकड असते ती त्याच्या अखंड वर्तुळावर अवलंबून असते. वर्तुळ एके ठिकाणी तुटले की पकड सैल होते. जवळजवळ दोन खाचा पाडून मधली पट्टी छिन्नीने आत वळवली की उरलेले कवच हलक्या टोल्याने निघते.

कसोटी आहे ती खाच कुठे थांबवायची याची. कवच फार जाड नसते. ते पार कापले जाण्याच्या सुमारास कापलेल्या चुऱ्यात तांबूस गंज दिसू लागतो, अ‍ॅल्युमिनियमची भुजा असल्यास पाते एकदम मऊ चालू लागते. तेथेच थांबतात. पाते पुढे जाऊन बोरमध्ये खोल ओरखडा पडला, तर त्या रेघेशी ताण एकवटतो आणि हजारो धक्क्यांनंतर तेथूनच तडा जाऊ शकतो. शेवटचा पापुद्रा पात्याने न कापता छिन्नीने फोडणे त्यामुळे श्रेयस्कर.

उष्णतेचा वापर

गॅसच्या ज्योतीने रबर जाळून टाकण्याची रीत रस्त्याकडेच्या गॅरेजांत प्रचलित आहे. तिने काम होते, पण किंमत मोजून. जळत्या रबराच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व सल्फर डायऑक्साइड असतात. भुजा गाडीवरच असेल तर ब्रेकची रबरी नळी, इंधनाची वाहिनी आणि गॅस भरलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर जवळच असतात. काही बुशच्या रबरात कंपने शोषण्यासाठी द्रव भरलेला असतो, असा बंद कप्पा तापवल्यास तो फुटतो. हे सर्व पाहता ज्योतीचा मार्ग गाडीबाहेर काढलेल्या पोलादी भुजेपुरता आणि उघड्यावर काम असेल तरच विचारात घ्यावा, असेच म्हणावे लागते.

अ‍ॅल्युमिनियमच्या भुजेला ज्योत लावू नये. तिचे बळ ठरावीक तापमानाच्या प्रक्रियेतून आलेले असते, अति तापवल्याने ते घटते, आणि पोलादाप्रमाणे लाल होऊन ती इशाराही देत नाही. मात्र सौम्य उष्णता येथे उपकारक ठरते. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ४० मि.मी. व्यासाच्या बोरचे तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढवले, तर बोर सुमारे ०.०९ मि.मी. आणि पोलादी कवच सुमारे ०.०५ मि.मी. मोठे होते. एवढ्या फरकानेही पकड जाणवण्याइतकी ढिली होते. पोलादी भुजेत हा लाभ मिळत नाही, कारण दोन्ही भाग सारखेच फुगतात. तेथे उष्णतेचा उपयोग मुख्यतः गंजाचा थर तडकवण्यापुरता असतो.

बुश बदलावा की संपूर्ण भुजा

अनेक गाड्यांसाठी बुश आणि बॉल जॉइंट बसवलेली तयार भुजा मिळते. बॉल जॉइंटही झिजला असेल, भुजा गंजून पातळ झाली असेल किंवा बोर लांबट झाला असेल, तर केवळ बुश बदलण्यात अर्थ नसतो. दुसरीकडे सर्वच तयार भुजांचा दर्जा सारखा नसतो. मूळ भुजा सुस्थितीत असेल तर तिच्यात चांगल्या प्रतीचा बुश बसवणे स्वस्त हलक्या भुजेपेक्षा बरे. मजुरी आणि प्रेसचे भाडे धरून हिशेब केल्यावर निर्णय कधी इकडे, कधी तिकडे झुकतो.

नवीन बुश बसवणे

बोर काचकागदाने किंवा तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्याच्या कडेवरील कोर काढतात. आतून धातू खरवडून बोर मोठा होऊ देत नाहीत. कवच सरकण्यासाठी साबणाचे पाणी पुरते. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस रबराला लागू देणे अयोग्य, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. बुश आधी फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. ४० मि.मी. व्यासाचे पोलादी कवच त्यामुळे फार तर ०.०२ मि.मी. आकसते, म्हणजे लाभ आहे पण तुटपुंजा. बुश वाकडा न जाऊ देता सरळ रेषेत सुरू करणे त्याहून अधिक मोलाचे ठरते.

बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला गंजरोधक लेप लावल्यास पुढच्या वेळी तो सहज निघतो. उत्पादकाने तसे सांगितल्याखेरीज आट्यांना हा लेप लावत नाहीत. घर्षण कमी झाल्याने टॉर्क रेंचवरील त्याच आकड्याला बोल्टवर अपेक्षेपेक्षा जास्त ताण येतो.

शेवटची आवळणी चाके लोंबकळत असताना करीत नाहीत. त्या स्थितीत आवळलेली नळी तशीच धरली जाते, आणि गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. असा बुश उभ्या गाडीतही ताण सोसत असतो आणि काही महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट प्रथम हातानेच ठेवतात. मग गाडी चाकांवर उतरवून, किंवा भुजेखाली जॅक लावून तिला नेहमीच्या उंचीवर आणून, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर तो आवळतात. विकेंद्री चकती असलेले बोल्ट खुणेवर बसवले तरी काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावी लागते, कारण जुना ढिला बुश जाऊन नवा ताठ बुश आल्यावर चाकाचा कोन थोडा बदललेला असतो.